झिरो नंबरचा चष्मा

माझ्या नाटकात नायक मिशी चिकटवून येतो आणि त्याची लग्नाची बायको त्याला ओळखत नाही, म्हणून लोक मला हसतात. हसू द्या. आमच्या वरवंडच्या वस्तीवर यात्रेला दरवर्षी नाटक होतं. ते मी लिहितो, मीच बसवतो आणि कपडेही माझेच असतात, कारण दौंडला माझं वेशभूषा भाड्याने देण्याचं दुकान आहे. शाळेच्या गॅदरिंगला लागणारे मावळे, नर्स, पोलीस, वाघ, वांगं, भेंडी, सगळं माझ्याकडे मिळतं. गेल्या यात्रेला ऐन भावुक प्रसंगात पहिल्या रांगेतून एकजण ओरडला, "अवो वहिनी, नवराच हाय तुमचा, बघा की नीट!" सगळा मंडप हसला. स्टेजवरची वहिनीसुद्धा हसली. त्या माणसाला मी अजून रामराम घालत नाही.

हे आधीच सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात मिशीही आहे आणि चष्माही.

त्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी एका वाघाची शेपटी शिवत बसलो होतो. एक मुलगी स्कूटी लावून आत आली. स्टोल, गॉगल, हातमोजे, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या पोरी उन्हात दिसतात तशी. तिनं स्टोल सोडला आणि मला सुई टोचली.

ती नीलम होती. तिचा बायोडाटा माझ्या मोबाइलवर होता आणि मीच तो सगळ्या नातलगांना पाठवला होता. न्हावऱ्याच्या हौशीरामांची धाकटी. घरी फुलशेती, स्वतः कुरकुंभला औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, दौंडला मैत्रिणींबरोबर खोली. येत्या रविवारी माझ्या भाच्यासाठी, रविराजसाठी, आम्ही तिला बघायला जाणार होतो. मी मुलाचा मामा, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"काका, चष्मा मिळेल का? नंबर नसलेला," तिनं विचारलं.

"मिळेल की. कार्यक्रम हाय का कंपनीत?"

"हो. म्हणजे... नाटुकलं आहे. मी पशुखाद्याच्या कंपनीची सर्व्हे करणारी बाई आहे. पांढरा कोट आहे माझ्याकडे." बोलता बोलता तिचे कान लाल झाले. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

मी तिला जाड काळ्या काड्यांचा, झिरो नंबरचा चष्मा दिला. गॅदरिंगमध्ये मुख्याध्यापक होणारी पोरं तो लावतात. तिनं आरशात दोन्हीकडून बघितलं.

"ओळखू येते का मी?"

"मी तुम्हाला आधी कुठं बघितलंय, ओळखायला?" मी म्हणालो. नाटकवाला आहे, एवढं जमतं.

जाता जाता तिनं विचारलं, "वरवंडला हायवेनं गेलेलं बरं, का आतून रस्ता आहे?" आणि मी घाबरलो.

आमच्याकडं मुलगी द्यायच्या आधी मुलाच्या गावात चौकशी करतात. पण चौकशीला आलोय असं कुणी म्हणत नाही. कुणी कांद्याचा व्यापारी होऊन येतो, कुणाला शेळी घ्यायची असते, कुणाला प्लॉट बघायचा असतो. परका माणूस चहाच्या टपरीवर बसला आणि पाण्याची, बागायतीची विचारपूस करू लागला, की कुणाच्या घरी स्थळ आलंय ते टपरीवाल्याला तिथंच कळतं. तरी तो म्हणतो, "कांदा व्हय? बसा की, सांगतो." ओळख दाखवायची नाही, ही रीत आहे. पण येतो तो बाप, चुलता, फार तर मामा. मुलगी स्वतःच चष्मा लावून निघालीय, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

आता घाबरलो का ते सांगतो. रविराज रांजणगावला चांगल्या कंपनीत परमनंट होता. एक दिवस कामावर असताना त्याला फिट आली आणि तो मशिनशेजारी पडला. मशिनवर पडला नाही, हे नशीब. नंतर अजून दोनदा आली. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, जागरण बंद करायला सांगितलं. नाईट शिफ्ट होईना म्हणून नोकरी सोडली. त्यानंतर तीन वर्षांत एकदाही फिट नाही. झेंडू करतो, गाई सांभाळतो, उत्तम चाललंय. डॉक्टर म्हणाले, खुशाल लग्न करा. पण खरं सांगून केलेली दोन स्थळं मोडली. दुसरं मोडलं तेव्हा तो दुकानात येऊन वाघाच्या मुखवट्याशेजारी बसला आणि म्हणाला, "मामा, आता बास. आईला सांगा, मी एकटा बरा हाय." माझ्या मांडीवर वाढलेलं पोरगं. त्या दिवशी मला जगाचा संताप आला. मी घरात फर्मान काढलं, यापुढं लग्न लागेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. नोकरी का सोडली? शेतीची आवड. संपलं. माझी बहीण सोजराबाई, आमची आक्का, काही बोलली नाही. रविराजही बोलला नाही. दाजी गेल्यापासून त्या घरात माझाच शब्द चालतो.

मी शटर ओढलं आणि आक्काला फोन लावला. "आक्का, पोरगी तुझ्याकडं यायला निघालीया. चष्मा लावून. वळखलं असं दावू नको आन् नको ते बोलू नको."

"येऊ दे की," आक्का म्हणाली. "च्या ठेवते."

मी आतल्या रस्त्यानं गाडी दामटली आणि तिच्या आधी पोचलो. दारात गेल्यावर डोक्यात उजेड पडला, की पोरीनं माझं तोंड बघितलंय! नाटकवाला हात टेकत नाही. माझ्या डिकीत मिशीची डबी कायम असते. मी शर्ट काढून बनियनवर आलो, डोक्याला टॉवेल गुंडाळला, भरघोस मिशी चिकटवली आणि गोठ्यात शिरलो.

आक्का बघतच राहिली. "ह्ये काय रं?"

"मी गडी हाय. सावळाराम नाव."

"मिशी कशापायी?"

"ती मला वळखंल ना!"

"आन् आता न्हाई वळखणार?" आक्कानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. टपरीवाला होता. "आक्का, पाव्हणी आलीया. चष्मेवाली. तुमचं घर इचारत हुती, रविराज किती गुणाचा हाय ते बी सांगून ठिवलंय."

रविराज घरी नव्हता, झेंडूचे क्रेट घेऊन टेम्पोबरोबर पुण्याला, गुलटेकडीच्या मार्केटला गेला होता. ते एक बरं होतं.

नीलम आली. पांढरा कोट, चष्मा, हातात पॅड आणि पेन. आक्कानं खाटेवर चादर टाकली, पाणी दिलं. "या बाई, बसा. कुठून आला?" असं ती इतकं सहज म्हणाली, की घटकाभर मलाच वाटलं, मी सांगितलेलं ही विसरली.

सर्व्हे सुरू झाला. नीलमनं कोपऱ्यातल्या जनावराकडं बोट करून विचारलं, "ही किती लिटर दूध देते?"

ती कालवड होती, व्यायला अजून वर्ष होतं. मी गोठ्यात हसू दाबलं. आक्का हसली नाही. "तिला अजून वेळ हाय बाई. येल्यावर देईल धा-बारा. लिवा तुम्ही." नीलमनं लिहिलं. कान पुन्हा लाल.

मग तिची नजर पडवीतल्या मोटारसायकलवर गेली. वर धूळ, हँडलला जळमट. पोरगी हुशार होती. धडधाकट तरुणाच्या घरी गाडी धूळ खात उभी म्हटल्यावर तिनं बरोबर पकडलं.

"गाडी कोणी चालवत नाही का?"

"प्येट्रोल लई म्हाग झालंया!" मी गोठ्यातून ओरडलो. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. टॉवेलकडं, मिशीकडं, मग पायातल्या पॉलिश केलेल्या बुटांकडं. आक्काचा हात चहा ओतता ओतता थांबला होता. तिनं कपबशी नीलमसमोर ठेवली आणि स्वतः खाली जमिनीवर बसली.

"बाई, तुम्ही परक्या. आज आलात, उद्या दुसऱ्या गावाला जाल. म्हणून तुम्हांला येक इचारते."

"विचारा ना."

"रविवारी माझ्या पोरासाठी पोरगी बघाया जायचंय. पोरगी लई चांगली हाय म्हणत्यात. आन् माझ्या पोराला फिटा येत हुत्या."

माझ्या हातातली शेणाची पाटी खाली पडली. मी ओरडणार होतो, पण गडी मालकिणीवर कसा ओरडेल? माझ्याच सोंगानं माझं तोंड बांधलं.

आक्का बोलत राहिली. "तीन वरसं झाली, येक बी न्हाई. सकाळ-संध्याकाळ गोळी हाय. गाडी म्हणूनच बंद हाय. माझा भाऊ म्हणतो सांगू नको. तो वाईट न्हाई वो, त्याचा लई जीव हाय पोरावर. पर मला झोप लागंना झालीया. उद्या ती पोरगी माझ्या घरात नांदाया येईल, कपाटात गोळ्या बघंल, तवा माझ्याकडं कशी बघंल? तुम्ही तिच्याच वयाच्या दिसता. तुम्ही काय म्हणला असता?"

नीलमनं चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. काचा स्वच्छच होत्या.

"मावशी, माझी मोठी बहीण आहे, प्राची. तिच्या नवऱ्याला दारू होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही, सगळे गोड बोलले. आता ती आमच्याकडंच असते. ती म्हणते, दारूचं एवढं लागलं नाही. मांडवात ज्यांच्या ज्यांच्या मी पाया पडले, त्या सगळ्यांना माहीत होतं, ते लागलं."

आक्कानं पदर तोंडाला लावला. खरं सांगतो, मलाही गोठ्यात उभं राहवेना. मांडवात पाया पडून घ्यायला मी पहिल्या रांगेत उभा राहणार होतो.

"मग सांगावं म्हणता?" आक्कानं विचारलं.

"सांगावं. पण आईनं नाही. दुखणं त्याचं आहे, तर त्यानं सांगावं. तुम्ही सांगितलंत तर मुलीला कळेल की सासू चांगली आहे. राहायचंय तिला त्याच्याबरोबर." ती उठली, पॅड पिशवीत टाकलं. दोन पावलं जाऊन थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मावशी, तुमच्या गड्याची मिशी सुटलीये एका बाजूनं."

स्कूटी लांब गेल्यावर मी आक्कावर तुटून पडलो. "सोन्यासारखं स्थळ घालवलंस! आता रवीला फोन करून सांगतो, पोरगी येऊन गेली, रविवारी सगळं बोलून टाक म्हणून."

"खबरदार," आक्का म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं मला त्या सुरात दटावलं. "तिला सगळं ठावं हाय म्हटल्यावर तो सांगंल, त्यात काय मोठं? ती त्याच्या तोंडाकडं बघणार हाय. तू शिकवून पाठवलेलं तिला नगं हाय. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

मग काय! रविवारपर्यंत माझा जीव टांगणीला. पोरगं गप्प बसलं तर स्थळ गेलं, आणि गप्प बसायला त्याला मीच बजावलं होतं. शपथ मोडवेना, फर्मान मागं घ्यायला तोंड होईना. न्हावऱ्याला जाताना जीपमध्ये मी त्याच्या कानाशी लागलो. "रवी, तिथं तुला काय बोलावंसं वाटलं तर बोल बरं का. मनमोकळं."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुम्हीच सांगितलंय ना मामा, न्हाई बोलायचं. न्हाई बोलत."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आक्का पुढच्या सीटवर शांत बसली होती.

हौशीरामांचं घर शेवंतीच्या रानात. ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या, आम्ही पायरीशी चपला काढून बसलो. पाणी झालं, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. नीलम पोह्यांच्या बशा घेऊन आली. साडी, डोक्यावर पदर, चष्मा नाही. आक्काला वाकून नमस्कार केला तेव्हा आक्का म्हणाली, "नाव काय गं बाळा तुझं?" नीलमनं पूर्ण नाव सांगितलं. माझ्यापुढं बशी धरून म्हणाली, "घ्या मामा." दोघींच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघसुद्धा नव्हती. दारात प्राची उभी होती, तिच्या बहिणीसारखंच नाक.

शिक्षण, उंची, भावंडं, सगळं रीतसर विचारून झालं. मग हौशीराम रविराजकडं वळले. "बाकी सगळं बरं हाय. येवढी रांजणगावची परमनंट नोकरी, ती का वो सोडली?"

नीलम मान खाली घालून बसली होती. ती तशीच राहिली, पण पदराशी चाळा करणारी बोटं थांबली.

रविराज माझ्याकडं बघत होता. ठरल्याप्रमाणं उत्तर मी द्यायचं होतं. मी तोंड उघडलं. "शेतीची... म्हंजी..." पुढं शब्दच येईना. आयुष्यभर दुसऱ्यांना संवाद लिहून दिलेत मी.

"मामा, राहू द्या," रविराज म्हणाला. त्यानं बशी खाली ठेवली. "मला फिट येत हुती. कामावर पडलो मी. शुद्ध आली तवा नाकाशी कुणाचा तरी बूट धरला हुता आन् सगळी लाईन गोल करून बघत हुती. म्हणून सोडली. तीन वरसं झाली, आली न्हाई. पर गोळ्या चालू हायत, पुढं बी चालू राहत्याल. मी मोटारसायकल चालवत न्हाई. बाजाराला न्यायचं झालं तर यस्टीनं न्यावं लागंल." मग तो थेट नीलमकडं बघून म्हणाला, "घरच्यांनी सांगू नको म्हटलं हुतं, माझ्या भल्यासाठीच. पर तुम्ही पोहे दिले तवाच वाटलं, ह्यांना न्हाई फसवायचं."

नीलमनं मान वर केली आणि दचकली. खरीखुरी दचकल्यासारखी दचकली! डोळे मोठे झाले, हात गळ्याशी गेला. मग तिनं विचारलं, "शेवटची कधी आली होती?" त्यानं सांगितलं. "गोळ्या दिवसातून किती वेळा?" तेही सांगितलं. "डॉक्टर कुठले?" आक्काच्या अंगणात ऐकून गेलेली गोष्ट ती पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकत होती आणि त्याचा एकेक शब्द त्याला स्वतःला सांगू देत होती. त्याला आयुष्यात कधी कळणार नाही, की त्याच्या आधी हे कुणी सांगून गेलं होतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं. इतकी वर्षं मी नाटकात बायकोला वेडी ठरवत आलो होतो. ती ओळखते हो पहिल्याच क्षणी. त्यानं आपल्या हातानं मिशी काढावी म्हणून थांबते.

हौशीरामांनी कप खाली ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं. खरं बोलला, चांगलं झालं. आम्ही कळवतो."

कळवतो म्हणजे काय ते लग्नाळू पोराच्या घरात सगळ्यांना समजतं. रविराजनं मान डोलावली, हात जोडले आणि उठून पायरीपाशी चपला शोधू लागला.

"आप्पा, कळवायचं कुणाला?" नीलम म्हणाली. "ठरवायचंय मला, आणि मी इथंच बसलीये."

"अगं, इचार तरी करशील का न्हाई?"

"झालाय विचार करून."

"कवा? आत्ता तर ऐकलंस तू!"

ती माझ्याकडं बघेल, आक्काकडं बघेल, असं मला वाटलं. तिनं कुणाकडंच बघितलं नाही. "आत्ताच झाला," ती म्हणाली.

हौशीराम चिडले. बापाची काळजी होती ती, मी त्यांना नावं ठेवणार नाही. ते काही बोलणार तेवढ्यात दारातून प्राची म्हणाली, "आप्पा, ह्यांनी सांगितलं तरी."

एवढंच म्हणाली ती. हौशीरामांनी मोठ्या लेकीकडं बघितलं, धाकटीकडं बघितलं आणि खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं. पुसतच राहिले.

रविराज अजून पायरीवर उभा होता, एका पायात चप्पल, दुसरी हातात. काय झालं ते त्याला नीट उमगलं नव्हतं. त्यानं नीलमला विचारलं, "मग मी बसू का?"

"बसा," ती म्हणाली.